रंध्रांत कोंडलेल्या द्रव हेलियमची उत्तेजने : नागपुरात राहून प्रकल्प कसा करावा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी द्रव हेलियमच्या उत्तेजनांचा, म्हणजे त्यातील अणूंच्या सामूहिक हालचाली न्यूट्रॉन विखरून मोजण्याचा, विषय सुचवला की नागपुरातील विद्यार्थ्यांची पहिली शंका ठरलेली असते : आपल्या शहरात न्यूट्रॉनचा स्रोत नाही, मग हे काम करायचे तरी कसे? शंका रास्त आहे. परंतु या कामाचे तीन भाग पडतात आणि त्यांपैकी दोन भाग अमरावती मार्गावरच्या विद्यापीठ परिसरात किंवा शहरातल्या कोणत्याही सुसज्ज महाविद्यालयात बसून पूर्ण करता येतात. सूक्ष्म रंध्रांचा सिलिका तयार करून तो नीट तपासणे हा पहिला भाग, न्यूट्रॉनचे प्रत्यक्ष मापन हा दुसरा आणि त्या मापनाचे विश्लेषण हा तिसरा. दुसऱ्या भागासाठी फ्रान्समधील ग्रनोबल येथील लाउए-लांजव्हँ संस्था किंवा इंग्लंडमधील आयसिस अशा न्यूट्रॉन-केंद्रांवर अवलंबून राहावे लागते. मात्र तेथील मापने साधारण तीन वर्षांच्या राखीव मुदतीनंतर इतरांना खुली होतात आणि ती उलगडण्यासाठी मँटिडसारखी मुक्त संगणकप्रणाली उपलब्ध आहे. तेव्हा स्वतःचा नमुना अजून न्यूट्रॉनच्या झोतात गेलेला नसला तरी तिसऱ्या भागाचा सराव आजपासून सुरू करता येतो.

हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हेलियम रंध्रात कोंडले की त्याच्या उत्तेजनांची ऊर्जा बदलेल, अशी अपेक्षा ठेवून बहुतेक जण आलेखाकडे पाहतात. सत्तर अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) व्यासाच्या रंध्रांतही ती ऊर्जा बदललेली दिसत नाही. बदल दिसतो तो शिखरांच्या तीव्रतेत, त्या तीव्रतेच्या तापमानानुसार होणाऱ्या घटीत आणि रोटॉन नावाच्या उत्तेजनाच्या (त्याची ओळख पुढे येते) खाली उगवणाऱ्या एका जास्तीच्या शिखरात. पुढची सगळी पद्धत या तीन गोष्टी विश्वासाने मोजता याव्यात यासाठी आहे.

आधी मुक्त द्रवाचा वक्र स्वतः काढावा

हेलियम-४ हा वायू ४.२ केल्विनला द्रवरूप होतो आणि २.१७ केल्विनच्या खाली अतिप्रवाही होतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहू लागतो. या अतिप्रवाही द्रवातील उत्तेजनांचा वक्र भौतिकशास्त्रज्ञ लांडाऊ यांनी १९४१ मध्ये कल्पिला आणि १९४७ मध्ये त्याला आज परिचित असलेले रूप दिले. पुढे कोहेन आणि फाइनमन यांनी १९५७ मध्ये न्यूट्रॉन प्रकीर्णनाने (न्यूट्रॉन द्रवावरून कसे विखुरतात हे पाहून) तो थेट मोजता येईल असे दाखवले आणि काही वर्षांतच तो मोजलाही गेला. आलेखकागदावर आडव्या अक्षावर तरंगसदिश (२π भागिले तरंगलांबी), प्रति अँगस्ट्रॉम या एककात, आणि उभ्या अक्षावर ऊर्जा, मिलीइलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (पुढे मिइव्हो), घ्यावी. १ मिइव्हो म्हणजे ११.६ केल्विन, हे रूपांतर पाठच करून टाकावे.

वक्राचा आरंभ सरळ रेषेचा असतो. द्रवातील ध्वनीचा वेग सेकंदाला २३८ मीटर आहे. त्यावरून या रेषेचा उतार सुमारे १.५७ येतो, म्हणजे तरंगसदिश ०.३ असताना ऊर्जा ०.४७ मिइव्होच्या आसपास. हा फोनॉनचा, म्हणजे ध्वनितरंगासारख्या उत्तेजनांचा, भाग. तरंगसदिश १.१ जवळ वक्र १.१९ मिइव्होपर्यंत चढतो, तो मॅक्सॉन. नंतर उतरून १.९२ जवळ ०.७४ मिइव्होचा तळ गाठतो, तो रोटॉन. हे तीन बिंदू आणि उगमाकडची रेषा हातात असली की उरलेला वक्र हाताने काढता येतो.

यानंतर फाइनमन यांचे सूत्र वापरून तोच वक्र सैद्धांतिक मार्गाने काढून पाहावा. या सूत्रानुसार, तरंगसदिशाच्या वर्गाला ०.५२२ ने गुणून त्या तरंगसदिशाशी असलेल्या संरचना-घटकाने (अणूंच्या मांडणीचे माप देणाऱ्या संख्येने) भागले की ऊर्जा मिइव्होमध्ये मिळते. लहान तरंगसदिशांना उत्तर अचूक येते. रोटॉनच्या जागी संरचना-घटक १.३ च्या घरात असतो, त्यामुळे उत्तर साधारण १.५ मिइव्हो, म्हणजे मोजलेल्या ऊर्जेच्या दुप्पट येते. ही तफावत पाहून विद्यार्थ्याने थांबू नये. हलणाऱ्या अणूभोवती शेजारचे अणू उलट दिशेने वाहतात, तो परतप्रवाह फाइनमन आणि कोहेन यांनी १९५६ मध्ये हिशेबात घेतल्यावर ही तफावत बरीच कमी झाली. अणूंची स्थानिक रचना रोटॉनची ऊर्जा ठरवते, हा यातून घ्यायचा बोध रंध्रांकडे वळल्यावर कामाला येतो : ज्या उत्तेजनाची तरंगलांबी तीन-साडेतीन अँगस्ट्रॉम आहे, त्याला सत्तर अँगस्ट्रॉमवरची भिंत जाणवण्याचे फारसे कारण नाही. फोनॉनला ती जाणवायला हवी, परंतु २π भागिले व्यास असा हिशेब केला तर ७० अँगस्ट्रॉमच्या रंध्रासाठी ०.०९ आणि २८ अँगस्ट्रॉमच्या रंध्रासाठी ०.२२ हा तरंगसदिश येतो. पहिला आकडा नेहमीच्या वर्णपटमापकाच्या आवाक्याबाहेर आहे, दुसरा जेमतेम काठावर.

येथे नागपूरकरांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट नोंदवतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी वित्त खात्यातील नोकरीच्या काळात काही दिवस नागपुरात काढले होते. त्यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामाने द्रव हेलियममधील रोटॉनही दिसतात, हे १९६९ मध्ये ग्रेटॅक आणि यान यांच्या प्रयोगातून सिद्ध झाले. प्रकाशाचा तरंगसदिश अतिशय लहान असल्याने त्यात एकटा रोटॉन दिसत नाही, तर परस्परविरुद्ध संवेगाची रोटॉनची जोडी दिसते. त्यामुळे शिखर रोटॉन-ऊर्जेच्या दुपटीजवळ, म्हणजे सुमारे १२ प्रति सेंटिमीटरवर येते. सच्छिद्र भुकटी मात्र प्रकाश इतका विखुरते की आपल्या कामासाठी न्यूट्रॉनच अधिक सोयीचे.

नमुना तयार करणे

या विषयात चार पदार्थ वारंवार भेटतात. एरोजेल हा जवळजवळ पोकळच असतो. व्हायकॉर काचेत ७० अँगस्ट्रॉमच्या आसपास व्यासाची, एकमेकांत गुंतलेली रंध्रे असतात. जेलसिल २५ किंवा ४४ अँगस्ट्रॉम अशा बारीक रंध्रांचे मिळते. एमसीएम-४१ मध्ये सरळ, समांतर, षट्कोनी मांडणीची नळीसारखी रंध्रे असतात. विकत घ्यायला पैसे नसले तरी घरच्या प्रयोगशाळेत तयार करता येणारा पदार्थ शेवटचा, म्हणून नागपुरात तोच निवडावा असे माझे मत आहे. त्यासाठी लागणारा सिलिका भंडारा-गोंदियाकडच्या धानगिरण्यांतून मिळणाऱ्या तुसाच्या राखेतूनही काढता येतो : तूस आम्लाने धुऊन भट्टीत पांढरी राख होईपर्यंत जाळावे आणि ती राख कॉस्टिक सोड्यात विरघळवून सोडियम सिलिकेट करावे.

सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणात हे सिलिकेट मिसळून, आम्लता नियंत्रित करून, मिश्रण १०० अंश सेल्सिअसला एक-दोन दिवस ठेवले की सीटॅबच्या दांडीसारख्या समूहांभोवती सिलिका जमतो. हे काम नेहमीच्या प्रयोगशाळेच्या काचेत करू नये. अल्कली त्या काचेतील बोरॉन थोडेथोडे ओढून घेते आणि बोरॉन-१० हा न्यूट्रॉनचा फार मोठा शोषक आहे. टेफ्लॉन किंवा पॉलीप्रॉपिलीनची बाटली वापरावी. व्हायकॉर काचेतही बोरॉन उरलेले असते, तेव्हा न्यूट्रॉनसाठी ती घेताना बोरॉन-११ ने समृद्ध केलेली घेणे इष्ट.

धुऊन वाळवलेली भुकटी मफल भट्टीत मिनिटाला एक-दोन अंश इतक्या सावकाश गतीने ५५० अंशांपर्यंत तापवावी आणि पाच-सहा तास तेथेच ठेवावी. हवा नीट खेळली नाही तर सीटॅब पूर्ण जळत नाही आणि बशीतली भुकटी वरून पांढरी, पण चमच्याने उकरली की आतून तपकिरी-राखाडी निघते. अशी भुकटी रंगाचा प्रश्न समजून पुढे ढकलू नये. तो उरलेला कार्बन आणि हायड्रोजन आहे, आणि हायड्रोजन हाच या प्रयोगाचा मोठा शत्रू आहे.

किती मोठा, हे हिशेबाने पाहावे. एका हेलियम-४ अणूचे न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे क्षेत्र १.३४ बार्न (अशी क्षेत्रे मोजण्याचे एकक) आहे, तर एका हायड्रोजनचे असंगत क्षेत्र सुमारे ८० बार्न. भाजलेल्या सिलिकाच्या प्रत्येक चौरस नॅनोमीटरवर दोन-तीन हायड्रॉक्सिल गट राहतात. एमसीएम-४१ च्या एका ग्रॅमचे अंतर्गत क्षेत्रफळ १००० चौरस मीटरच्या घरात असते, म्हणजे ग्रॅममागे सुमारे ४ मिलिमोल हायड्रोजन. त्याच ग्रॅममधील ०.८ घन सेंटिमीटर पोकळीत घन सेंटिमीटरला ०.१४५ ग्रॅम घनतेचा द्रव भरला तर हेलियम २९ मिलिमोल बसते. गुणाकार केला की हायड्रोजनचे प्रकीर्णन हेलियमच्या आठपट निघते. ते बहुतांशी शून्य ऊर्जेवर येते, म्हणून हेलियमची शिखरे त्याखाली बुडत नाहीत. परंतु एकदा हायड्रोजनवर आपटून मग हेलियमवर आपटणाऱ्या न्यूट्रॉनांचा उपद्रव त्याने वाढतो. जड पाण्याच्या वाफेने हायड्रॉक्सिलमधील हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आणणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे. शिवाय जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ही भुकटी उघडी पडली तर पाणी ओढते आणि तिच्या भिंती हळूहळू ढासळतात, म्हणून पावसाळ्यात ती निर्वात शोषकपात्रातच ठेवावी.

तपासणीसाठी दोन मापने पुरतात. क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांनी २.२ अंशांजवळ ठळक शिखर आले तर प्रतलांमधील अंतर ४० अँगस्ट्रॉम आणि दोन रंध्रांच्या केंद्रांमधील अंतर ४६ अँगस्ट्रॉम ठरते. त्यातून भिंतीची दहाएक अँगस्ट्रॉम जाडी वजा केली की व्यास मिळतो. दुसरे मापन ७७ केल्विनला नायट्रोजन शोषणाचे. त्याचा आलेख मन लावून पाहण्यासारखा असतो : दाब वाढवत नेला की आधी शोषण झपाट्याने चढते, मग सावकाश वाढते आणि सापेक्ष दाब (संपृक्त बाष्पदाबाच्या तुलनेतला) ०.३ ते ०.४ च्या दरम्यान एकदम उभी पायरी येते. त्या क्षणी सगळी रंध्रे एकदम भरत असतात. पायरी उभी आणि अरुंद असेल तर रंध्रे एकसारखी आहेत. ती तिरपी पसरली असेल तर नमुना पुन्हा करावा, कारण रंध्रांचे व्यास वेगवेगळे असतील तर पुढच्या कोणत्याही निष्कर्षाला आधार राहत नाही.

हेलियम किती भरावे

माझ्या मते प्रयोगाचे यश सर्वांत जास्त या प्रश्नावर अवलंबून असते. रंध्रातील उत्तेजनांची ऊर्जा मुक्त द्रवासारखीच असल्याने, कणांच्या फटींत थोडा जरी मुक्त द्रव साठला तरी त्याचे शिखर रंध्रातील शिखरावर नेमके बसते आणि दोन्ही वेगळे काढण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. म्हणून पात्र काठोकाठ भरू नये. कमी तापमानाला हेलियमचे मोजून घेतलेले हप्ते सोडत दाबाची नोंद ठेवावी. रंध्रे भरत असताना दाब संपृक्त बाष्पदाबाच्या खाली राहतो आणि रंध्रे भरल्यावर तो संपृक्त दाबाला जाऊन टेकतो. त्या बिंदूच्या थोडे अलीकडे, ९५ टक्क्यांच्या आसपास, थांबावे.

भिंतीलगतचा पहिला-दीड थर सिलिकाच्या आकर्षणाने घट्ट धरला जातो आणि घन पदार्थासारखा वागतो. त्यात रोटॉन नसतो. या मृत थराची जाडी ५ अँगस्ट्रॉम धरून हिशेब केला तर ७० अँगस्ट्रॉमच्या रंध्रात ७३ टक्के आकारमान द्रवासाठी उरते आणि २८ अँगस्ट्रॉमच्या रंध्रात अवघे ४१ टक्के. जाडीचा आकडा गृहीतक आहे, पण तीव्रतेची अपेक्षा बांधायला तो पुरतो. यातूनच पार्श्वभूमी मोजण्याची योग्य रीत निघते : कोरड्या नमुन्याचे एक मापन घ्यावे, मृत थर भरेल एवढेच हेलियम घालून दुसरे घ्यावे, आणि पूर्ण भरलेल्या नमुन्यातून हे दुसरे वजा करावे. झोताचा वेळ वाचवण्यासाठी मधले मापन गाळण्याचा मोह होतो, तो टाळावा. भुकटी उष्णतेची वाहक म्हणून फार सुमार असते, म्हणून तापमापक स्थिर झाल्यावरही नमुना त्या तापमानाला येण्यासाठी अवधी द्यावा.

न्यूट्रॉनची निवड

आगत न्यूट्रॉनची ऊर्जा मिइव्होमध्ये हवी असेल तर ८१.८ ला तरंगलांबीच्या वर्गाने भागावे. ५ अँगस्ट्रॉमला ती ३.२७ येते. या न्यूट्रॉनने रोटॉन निर्माण केला तर त्याच्याकडे २.५३ मिइव्हो उरते आणि संवेगाच्या त्रिकोणावरून तो सुमारे १०९ अंशांच्या कोनात बाहेर पडतो, म्हणजे शोधकांच्या आवाक्यात. जास्त विभेदन (ऊर्जेतले बारीक फरक वेगळे दिसण्याची क्षमता) मिळावे म्हणून ६ अँगस्ट्रॉमची तरंगलांबी निवडली तर ऊर्जा २.२७ होते, आणि रोटॉन निर्माण करताना पोहोचता येणारा सर्वांत मोठा तरंगसदिश १.९१ ठरतो. रोटॉनचा तळ त्याच्या जरासा पलीकडे राहतो. विभेदनाच्या मागे लागून जे पाहायचे तेच हातचे सुटणे या विषयात असे घडते, म्हणून हा त्रिकोण प्रस्ताव लिहिण्याआधी वहीत काढावा. आयसिसमधील आयरिससारख्या उलट रचनेच्या (बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा ठरवून घेणाऱ्या) यंत्रावर ०.०१७५ मिइव्हो इतके बारीक विभेदन ठेवूनही रोटॉनपर्यंत पोहोचता येते; रुंदी मोजायची असेल तर तेच बरे.

शिखरे जुळवणे आणि वाचणे

वजाबाकी झाल्यावर प्रत्येक तरंगसदिशासाठी ऊर्जेनुसार तीव्रतेचा छेद घ्यावा. त्यात अवमंदित दोलकाचे (हळूहळू विरत जाणाऱ्या कंपनाचे) एक शिखर, त्यामागे रुंद बहु-उत्तेजनांचा उंचवटा, आणि तरंगसदिश १.७ ते २.१ च्या दरम्यान असल्यास आणखी एक छोटे शिखर अशी जुळवणी करावी. प्रत्येक शिखर यंत्राच्या विभेदन-फलनाशी संमिश्रित करणे विसरू नये. बोस घटकाची (तापमानामुळे आधीच असलेल्या उत्तेजनांची) दुरुस्ती रोटॉनसाठी लहान असते, १.५ केल्विनला ०.३ टक्के आणि २.१ केल्विनला १.७ टक्के, तरी ती करावी.

ते छोटे शिखर म्हणजे थर-उत्तेजन. मृत थराला लागून असलेल्या द्रवाच्या थरात द्विमिती रोटॉन प्रवास करतो आणि त्याची ऊर्जा साधारण ०.५५ ते ०.६५ मिइव्होच्या दरम्यान, मुक्त रोटॉनच्या स्पष्टपणे खाली येते. ग्राफाइटच्या पृष्ठावरील हेलियमच्या पटलांतही असेच उत्तेजन दिसते, त्यामुळे भिंतीशी त्याचा संबंध निश्चित आहे. ते ओळखण्याची कसोटी अशी : भरण कमी-जास्त केले की त्याची तीव्रता मुख्य शिखराच्या प्रमाणात बदलत नाही आणि तरंगसदिश बदलला की त्याची ऊर्जा वर चढते. याउलट ०.७४ किंवा १.१९ मिइव्होवर सर्व तरंगसदिशांना एकाच उंचीवर धावणारी सपाट रेषा दिसली तर तिला नवे स्थानबद्ध उत्तेजन समजू नये. सिलिका आणि हेलियम दोन्हींवरून विखुरलेल्या न्यूट्रॉनांची ती सावली असते. रोटॉन आणि मॅक्सॉनपाशी अवस्थांची दाटी असल्यामुळे ती नेमकी त्याच ऊर्जांवर पडते.

आता तापमान वाढवत मुख्य शिखराची तीव्रता नोंदवावी. मुक्त द्रवात टोकदार शिखराचे वजन अतिप्रवाही अंशाबरोबर उतरत जाते, असे वुड्स आणि स्वेन्सन यांनी १९७८ मध्ये दाखवले होते. व्हायकॉरमध्ये हे नाते तुटते. तेथे अतिप्रवाहिता सुमारे १.९५ केल्विनला संपते, हे आंदोलक-मापनातून (नमुना झुलवून त्याचा आवर्तकाल मोजल्यावर) दिसते. तरीही न्यूट्रॉनना फोनॉन-रोटॉनचे शिखर २.१७ केल्विनपर्यंत दिसत राहते, असे ग्लाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास मोजून सांगितले. त्यांनी लावलेला अर्थ असा की या मधल्या पट्ट्यात बोस-आइन्स्टाइन संघनित (एकाच पुंज अवस्थेत गेलेल्या अणूंचा समूह) बेटांच्या रूपाने शिल्लक असते. बेटाच्या आत उत्तेजने टिकतात, पण बेटाबेटांतील कलासंबंध (त्यांच्या तरंगांचा ताळमेळ) तुटल्यामुळे संपूर्ण नमुन्यातून घर्षणाशिवाय प्रवाह होत नाही. मला हा अर्थ पटतो. मात्र विद्यार्थ्याने अहवालात निरीक्षण आणि अर्थ वेगवेगळ्या वाक्यांत लिहावेत, कारण शिखराचे वजन संघनिताच्या प्रमाणात असते हे त्यामागचे गृहीतक आहे, मोजमाप नव्हे. मुक्त द्रवातही कमी तापमानाला संघनितात जेमतेम ७ टक्के अणू असतात, ही बाब त्या गृहीतकाचा विचार करताना समोर असावी.

रंध्रे आणखी अरुंद केली की या दोन तापमानांतील दरी रुंदावते. २५ अँगस्ट्रॉमच्या जेलसिलमध्ये अतिप्रवाहितेचे तापमान साधारण १.४ केल्विनपर्यंत घसरते आणि दाब वाढवत नेला तर ३४ बारच्या सुमारास ती शून्य केल्विनलाही उरत नाही, हे यामामोटो, शिराहामा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. एवढ्या दाबाला मुक्त हेलियम केव्हाच गोठलेले असते, कारण त्याला २५ बार पुरतात. रंध्रात ते अजून द्रवच राहते. सरळ नळ्यांच्या एमसीएम-४१ मध्ये भिंतीवर आधी आर्गॉनचा थर देऊन पोकळी आणखी अरुंद करता येते, आणि २०२२ मध्ये देल माएस्ट्रो, सोकोल आणि सहकाऱ्यांनी अशाच नमुन्यात एकमिती हेलियमची उत्तेजने मोजली. आपल्या एमसीएम-४१ ची नायट्रोजन-पायरी उभी आली असेल तर याच दिशेने पुढचा प्रस्ताव लिहावा : त्यात रंध्राचा व्यास, ग्रॅममागे हायड्रोजनचे प्रमाण, निवडलेली तरंगलांबी आणि भरणाचे तीन टप्पे हिशेबासह द्यावेत, आणि तापमानाचे बिंदू १.९ ते २.२ केल्विनच्या पट्ट्यात दाट व बाकीकडे विरळ ठेवावेत.